स्लीव्हनंतरच्या जळजळीत साथ देणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

वजन उतरवण्यासाठी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणं) किंवा बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडणं) ही शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आमच्या मदतगटातर्फे हे पत्र. वजन उतरलं की पेढे सर्जनला जातात. अपरात्री घशाशी आंबट आलं की फोन मात्र तुम्हाला. तेव्हा आभार मानायलाच हवेत.

'ॲसिडिटी झाली' एवढ्यावर तुमचं कधी समाधान झालं नाही. आंबट येतं की कडू? जळजळतं की घास अडकतो? हे तुम्ही आधी विचारता, आणि निम्मा उलगडा तिथेच होतो. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. जेवण आलं की फुगून जागा करून देणारा वरचा घुमट गेलेला, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडपही बरेचदा सैल पडलेली. मग दाब वरच्या बाजूला वाट काढतो. म्हणून जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. आणि आपल्याकडे घरोघरी चालणारा सोडा किंवा इनो तर नाहीच, कारण तो गॅस ढेकरेबरोबर आम्लही वर आणतो.

घास अडकून फेसाळ लाळ येत असेल, तर नळी मध्येच आवळलेली किंवा पिळलेली असू शकते. तिथे गोळ्या वाढवून काही होत नाही, एंडोस्कोपीच लागते. उलट्या लांबल्या की शरीरातलं बी१ जीवनसत्त्व संपतं, त्याच्या इंजेक्शनला उशीर नको, हा तुमचा आग्रह फार मोलाचा. मिनी बायपासनंतर, म्हणजे आतड्याला एकच जोड असलेल्या बायपासनंतर, कडू, पिवळं पाणी येतं ते पित्त. आम्ल कमी करणारी गोळी त्याला अडवत नाही.

आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कुटून नाही: वरचं आवरण फुटलं की औषध जठरातच वाया जातं. कॅल्शियम सायट्रेटचं घ्यायचं, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं. हे असलं बारीकसारीक डिस्चार्जच्या कागदावर क्वचितच असतं.

पलंगाचंही तसंच. उशांची चळत रचली की माणूस कमरेत मुडपतो आणि पोट आणखी दाबलं जातं. तुम्ही डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवायला सांगितल्यात, म्हणजे साधारण सहा इंच उंची, खाली गोणपाट, म्हणजे वीट सरकत नाही. झोपायचं डाव्या कुशीवर, जेवणानंतर तीन तासांनी.

एवढं करूनही त्रास हटला नाही, तर पुढचं ऑपरेशन का लागतं तेही तुम्हीच समजावलंत. झडपेभोवती जठराचा घुमट गुंडाळण्याची नेहमीची शस्त्रक्रिया इथे जमत नाही, कारण घुमटच उरलेला नसतो. मग रू-एन-वाय, म्हणजे दोन जोडांचा बायपास: वरचा कप्पा जेमतेम ३० मिली, आम्ल करणाऱ्या पेशी थोड्या, पित्त पार खाली सोडलेलं. मात्र त्यानंतर तंबाखू आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर बंद, नाहीतर कप्पा आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो.

स्लीव्हनंतर त्रास नसला तरी वर्षभराने एंडोस्कोपी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, हे आता आम्ही गटात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, पण डांबरासारखं चिकट झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, हेही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मदतगटातील सर्वजण