नाना, शाल नाही तर हे पत्र तरी घ्या

आदरणीय नाना,
रामराम.

आपल्या कॅनो क्लबला दहा वर्षं झाली म्हणून चांगदेवला छोटा कार्यक्रम ठेवला होता. शाल-श्रीफळ तुमच्यासाठीच आणलं होतं. तुम्ही निरोप धाडला, जाळं सांधायचंय, जमणार नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. तुम्हाला नात वाचून दाखवेल.

सुरुवातीला आम्ही पाच जण होतो, भुसावळचे आणि मुक्ताईनगरचे. वर्गणी काढून दोन जुन्या फायबरच्या कॅनो, म्हणजे एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या, घेतल्या आणि तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, हतनूर धरणाच्या फुगवट्यात लोटल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमची पत्र्याची होडी आमच्या शेजारी आणून विचारलंत, "पोहता येतं का रे सगळ्यांले?" दोघांना येत नव्हतं. तुम्ही दोन्ही कॅनो काठावर ओढायला लावल्यात. आधी पोहणं, मंग वल्हं! महिनाभर कॅनोला हात लावू दिला नाहीत. तेव्हा फार राग आला होता. आज क्लबचा पहिला नियम तोच आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो तुमचा हात. एकाच बाजूनं वल्हवलं की कॅनोचं तोंड दुसरीकडे फिरायचं. मग आम्ही दर चार हातांनी बाजू बदलायचो आणि पाण्यात नागमोडी फिरत बसायचो. तुम्ही माझ्या मनगटावर तुमचा खरखरीत हात ठेवून वल्हं मागे नेलंत, शेवटाला वरच्या हाताचा अंगठा खाली वळवलात आणि पातं जरासं बाहेर लोटलंत. कॅनो सरळ चालली. त्या एका वळशासाठी आम्ही आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहत होतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कॅनोत १००० मीटरला कांस्यपदक मिळवलं. ती शर्यत तुम्हाला दाखवली. एक गुडघा टेकलेला, वल्हं एकाच बाजूला. तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणालात, "हे तर आमच्यावानीच वल्हवू राह्यले!" नाना, त्या दिवशी मला आपल्या काठाचा फार अभिमान वाटला.

आणि ती जुलैची सकाळ. आपल्याकडे आभाळ कोरडं होतं, पाऊस वर अकोला-बुलढाण्याकडे. पूर्णेच्या अंगानं काटक्या आणि फेस येताना तुम्ही पाहिलात आणि आठही पोरांना बाहेर काढलंत. मी वाद घातला, अजून अर्धा तास म्हणून. तुम्ही काही बोलला नाहीत, माझ्या कॅनोचा दोर धरून ओढत नेलात. दुपारी हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली तेव्हा आम्ही जिथे वल्हवत होतो तिथून मुळासकट बाभळी वाहत चालल्या होत्या. त्या आठ घरांच्या वतीनं तुमचे आभार. तेव्हा मानायचे राहिले, तोंडातून शब्दच फुटला नव्हता.

तुमच्या नातीबद्दलही लिहायला हवं. पुरुषांची कॅनो शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९३६ पासून आहे, बायकांची आली ती थेट टोकियोला, २०२१ मध्ये. तुम्ही तर त्याच्या आधीच नातीला कॅनोत बसवलं होतं. लोक काय काय बोलले ते आम्ही ऐकलंय. तिला पाहून आणखी सहा मुली आल्या, आणि आता नव्या पोरांना तो अंगठ्याचा वळसा तीच शिकवते.

येत्या रविवारी सकाळी सरावानंतर काठावर भरीत आहे. बामणोदची वांगी आणतोय, ती भाजायला कपाशीच्या काड्या तुमच्याच शेजारच्या शेतातून मिळाल्यात. कळण्याच्या भाकरी मुक्ताईनगरच्या ताई करून आणणार आहेत. जाळं सांधायचं असेल तर तेही सोबत घेऊन या, आम्ही धरू.

तुमचा,
दोरानं ओढून नेलेला पोरगा