बाटलीवरच्या रेघेसाठी, सिस्टर, तुमचे आभार

रात्रपाळीच्या सिस्टरना
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वॉर्डातून ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, चार बाटल्या लॅबमध्ये आल्या. प्रत्येकीवर रक्त कुठपर्यंत भरायचं ते दाखवणारी पेनाची बारीक आडवी रेघ होती आणि रक्त बरोबर त्या रेघेला टेकलेलं. त्या रेघेसाठी हे पत्र.

ज्याचं हे रक्त, त्या पेशंटला त्याआधी दोन ठिकाणी ‘गॅस झालाय’ म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. ताप, नाडी १३०, पोट हाताला मऊ आणि तरी दुखणं असह्य. हे समोर असताना गॅस म्हणणाऱ्यांवरचा राग अजून गेलेला नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरला की असंच होतं. तो अस्तराखालच्या थरात पसरतो, वरचं अस्तर बरेचदा धड दिसतं, त्यामुळे दुर्बिणीतून काढलेला वरवरचा तुकडाही फसवतो. सीटीत भिंत सुजलेली दिसते, पण जंतू कोणता ते कळायला कल्चरच लागतं.

आणि कल्चरला रक्त पुरेसं लागतं. एका मिलीलिटरमध्ये कधीकधी एखादाच जंतू असतो. बाटलीत १० मिलीऐवजी ३ मिली आलं, की तो शिरेतच राहून गेला समजा. अँटिबायोटिक आधी गेलं, तर उरलेलाही बरेचदा वाढत नाही. तुमच्या फॉर्मवर दोन्ही हात, दोन्ही वेळा आणि ‘पहिला डोस यानंतर लगेच’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. चारही बाटल्यांत कातडीवरचा एकही उपरा जंतू वाढला नाही. म्हणजे कातडीला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावून ते वाळेपर्यंत तुम्ही थांबलात, बाटलीचं रबरी बूचही पुसलंत. पहाटे ३ वाजता, कोणी तपासणार नसताना, चौथी बाटलीसुद्धा रेघेपर्यंत! इतकं सचोटीचं काम बघितलं की गळा दाटून येतो.

ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, जांभळ्या मण्यांच्या साखळ्या दिसल्या आणि लगेच वॉर्डात फोन गेला. पेनिसिलिनला क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची जोड मिळाली, ९०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. पेनिसिलिन वाढत्या जंतूंनाच नीट मारतं; गर्दी झाली की जंतूंची वाढ मंदावते, पण विष बनवणं चालूच राहतं. क्लिंडामायसिन त्या विषाचा कारखानाच बंद करतं. काही जंतू त्याला दाद देत नाहीत, म्हणून ते एकटं कधी द्यायचं नाही. ऑपरेशन टळलं नाही, पण वीतभर काळं पडलेलं आतडं काढून भागलं.

काल पेशंटने तोंडाने पाणी घेतलं.

आता रिकाम्या बाटल्या वॉर्डात पाठवण्याआधी लॅबमध्येच त्यांच्यावर तुमची रेघ मारली जाते.

तुमचे ऋणी,
सूक्ष्मजीवशास्त्र विभाग