अप्पांना विचारलं

सोलापूर,
४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

फोन केला असता, पण तू "बघतो मी" म्हणून अर्ध्यात ठेवला असतास. म्हणून पत्र.

तुझे अप्पा दर रविवारी फोनवर तुला "बरंय, बरंय" म्हणतात ना? त्यांना ऐकूच येत नाही रे. चाळीस वर्षं चादरीच्या मागांच्या खडखडाटात कान गेले. तू काय विचारलंस ते कळत नाही, मग सगळ्याला एकच उत्तर.

दिवाळीनंतर पहाटेचं सिद्धेश्वर तळ्यावर जाणं सुटलं. भाकरी अर्ध्यावर आली. रात्री तीनला उठून ओट्यावर बसायचे. विचारलं की गुडघा, पोट, गॅस. आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, म्हणून टाकलं की पंच्याहत्तरी झाली, त्यात काकू गेल्या, व्हायचंच. चुकलो. म्हातारपणी नैराश्य रडत येईलच असं नाही. पुष्कळदा अंगदुखी आणि झोप-भुकेच्या तक्रारी पुढे करून येतं.

मग एका संध्याकाळी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या पोराला देऊन गेले. "मला आता काय करायचंय वेळेचं?" मला रात्रभर झोप नाही. सकाळी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "अप्पा, जीव नकोसा झालाय का? काही करून घ्यावं असं वाटतंय का?" आपण विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरेल, ही धाकधूक होतीच. डॉक्टर नंतर म्हणाले, तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. अप्पा कितीतरी वेळ चादरीचा काठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "वाटतंय की कधी कधी."

त्याच दिवशी नेलं. डॉक्टरांनी हो-नाहीचे १५ प्रश्न विचारले, थायरॉइड, बी-१२, सोडियम तपासायला सांगितलं. गोळ्या सुरू आहेत. गुण यायला २ ते ६ आठवडे, मध्येच बंद करायच्या नाहीत. या वयात आत्महत्येचा प्रयत्न जिवावर बेतण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणून घरातल्या सगळ्या औषधांचा डबा माझ्या कपाटात आणलाय, मोजून देतो. रात्री पोरगा तिकडंच झोपतो. टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारनं चालवलेल्या फोनसेवेचा, १४४१६ नंबर भिंतीवर ठळक लिहिलाय, अप्पांपेक्षा आमच्यासाठीच म्हण. रात्री-अपरात्री घाबरलो तर कुणाला तरी विचारता येतं.

पैसे पाठवू नकोस. आणि "मनाला लावून घेऊ नका, देवाचं नाव घ्या" हे तर अजिबात म्हणू नकोस. मी म्हणून बघितलं. त्यांनी मान डोलावली आणि तोंड मिटलं ते दोन दिवस.

शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं ये. दोन-चार दिवस राहायला ये, तोंड दाखवून पळू नकोस. तू घेऊन दिलेलं कानाचं मशीन टेबलाच्या खणात सापडलं, सेल संपल्यापासून तिथंच पडलं होतं. मशीनचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय. त्याच मापाचे सेल आण.

तुझाच,
गल्लीतला