चाक थांबवून झोपा

साखळी, गोवा

चि. सौ. बाय हिला अनेक आशीर्वाद.

वेर्ण्याला ट्रक भरायला लावाल तेव्हा धाकटा मामा हा कागद तुझ्या हातात देईल. गाडी उभी असतानाच वाच. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहतेस, माझा आवाज चढतो आणि मग आई फोन काढून घेते. विसर्जनाच्या संध्याकाळी तुमच्या दिल्लीच्या नव्या कामावरून जे बोलणं झालं ते आता उकरून काढत नाही. तू न जेवता निघालीस हे मात्र आईच्या मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी खतखतं तिने कोणालाच वाढलं नाही.

तुमच्या गाडीच्या फास्टॅगला माझा मोबाईल नंबर जोडलेला आहे, हे तुम्ही दोघं विसरलात बहुतेक. जावईबापूंचा फोन हरवला तेव्हा तसं केलं होतं आणि ते तसंच राहिलं. टोल कापला गेला की मेसेज मला येतो. गेल्या खेपेला किणी रात्री 11.50, तासवडे 1.10, आनेवाडी 2.30, खेड-शिवापूर 4.10. म्हणजे अख्खी रात्र चाक थांबलं नाही. आनेवाडी आणि खेड-शिवापूरच्या मध्ये खंबाटकी आहे. त्या वेळी स्टेअरिंगवर कोण होतं हे काही मेसेजात येत नाही. मेसेज आला की वाटतं, अजून जागीच आहेत. नाही आला की वाटतं, का आला नाही. आई म्हणते तो नंबर बदलून टाका, तुम्हाला तरी झोप लागेल. मी बदलणार नाही.

झोपेविषयी लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. आधी घरचं सांगतो.

तुझी पोर बरी आहे. शाळेत जाते, डबा संपवते, रात्री आजीजवळ झोपते. वर्गात कोणीतरी म्हणालं की बायका ट्रक चालवत नाहीत, तर हिने तुमच्या गाडीचा नंबर फळ्यावर लिहून दाखवला. बाईंनी मला शाळेच्या गेटवर थांबवून ते सांगितलं. गणपतीवर बांधलेल्या माटोळीचं सामान उतरवताना तिने एक सुपारीचा घोस तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय, का ते विचारू नकोस, मलाही सांगत नाही. छपराची कौलं परतून झाली. आकाच्या डोळ्यांचं अजून ठरत नाही.

तू लहानपणी टिपरच्या टायरवर पाना मारून आवाज ऐकायचीस ते आठवतं का? मी पाळी गावच्या खाणीवरून माल भरून सारमानसच्या धक्क्यावर खाली करायचो. तिथून तो बार्जमध्ये चढायचा आणि मांडवीतून मुरगाव बंदराला जायचा. संध्याकाळी गाडी अंगणाबाहेर लागली की तू लाल धुळीत उतरायचीस आणि एकेका टायरवर पाना मारत गाडीला फेरी घालायचीस. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर बाहेरून बघून कळत नाही. एकदा तू "बाबा, हे वेगळं वाजतं" म्हणालीस आणि खरंच त्यात हवा कमी होती. त्या दिवशी मी आजोबांना जाऊन सांगितलं होतं. डिचोलीच्या आरटीओत तू हेवीच्या टेस्टला उभी राहिलीस, रांगेत बाकी सगळे पुरुष, तेव्हाही मला तोच आवाज आठवत होता. आणि यंदा देवळाच्या वळणावरून कंटेनर मागे घेत घेत तू घरापर्यंत आणलास, तेव्हा वाड्यावरची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी काही बोललो नाही. पण मला सगळं दिसत होतं, दोन्ही आरसे तू कसे बघत होतीस तेही.

मी लांब पल्ल्याच्या लाईनवर जास्त राहिलो नाही हे तुला माहीत आहे. खाणीवर दिवसाची ट्रिप, रात्री आपल्या घरचं जेवण. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, टिपर ताडपत्रीखाली उभा राहिला आणि बँकेचा हप्ता चालूच राहिला, तेव्हा एक हंगाम मी गुजरात लाईनवर दुसरा ड्रायव्हर म्हणून गेलो. म्हणून जे सांगतो ते ऐकीव नाही. सीटमागच्या फळीवर आडवा व्हायचो. पुढच्याने ब्रेक दाबला की माझाही पाय दाबला जायचा. घाटात गिअर पडला की डोळे उघडायचे. सकाळी माझी पाळी यायची तेव्हा हिशोबाने सहा तास झोप झालेली असायची आणि अंग मात्र रात्रभर जागल्यासारखं जड. चालत्या गाडीत पडून राहिलं की ती झोप म्हणून मोजू नका. तुम्ही दोघं तीच मोजता.

वेळग्याचा तो ड्रायव्हर, जो तुला चिक्की आणायचा, तो वापीच्या पुढे पहाटे चारला गेला. पाऊस नव्हता, रस्ता सरळ होता, गाडीत दोष नव्हता. पुढे एक ट्रेलर उभा होता. मी नंतर ती जागा पाहिली, रस्त्यावर ब्रेकची खूण कुठेच नव्हती. ताशी 60 ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. तीन सेकंद डोळा मिटला तर 50 मीटर, आणि माणसाला आपला डोळा मिटला होता हे कळतही नाही. तुला हे माहीत आहे. तरी लिहितो.

परत त्याच विषयावर आलो. रागावू नकोस. आता आई सांगते ते लिहितो, तिचे शब्द आहेत.

ती म्हणते, पाणी पी. बाथरूम मिळत नाही म्हणून पाणी न पिता पोर दिवस काढते आणि मग उदयपूरला ताप भरतो. पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप असलं तर चावी मागून घे, लाजू नकोस, जावयांना दाराशी उभं राहू दे. ज्या ढाब्यावर उघड्या टाकीवर आंघोळ आहे तिथे थांबू नका, चार कोस पुढे जा. तुझे ते दिवस असतील तेव्हा घाटाचं स्टेअरिंग त्यांच्याकडे दे, यात कमीपणा नाही. उकडे तांदूळ सकाळीच भिजत घाल म्हणजे रात्री गॅस कमी जळतो. केबिनमध्ये शेगडी अजिबात पेटवू नका, खाली चाकाच्या आडोशाला पेटवा. सुके बांगडे वेगळ्या डब्यात ठेव, मालाला वास लागला तर कारखान्यावाले भांडतील.

हे सगळं तुम्ही करताच, मला माहीत आहे. पहिल्या वर्षी ढाब्यावरचे ड्रायव्हर तुझ्याकडे कसे बघायचे आणि आता तेच "दीदी, पुढे घाट जाम आहे" असं सांगायला येतात, हे तू सांगितलंस तेव्हा आई देवाजवळ दिवा लावून आली. कारखान्याच्या गेटवर दोन-दोन दिवस गाडी खाली करायला थांबावं लागतं आणि त्याचे पैसे कोणी देत नाही, हेही कळतं. हप्ता आहे, गाडीचा धूर साफ करायला लागणारा युरिया आहे, टायर आहेत. गाडी उभी राहिली तरी खर्च उभा राहत नाही, असं तू म्हणालीस. ते खोटं नाही. उभ्या गाडीतून डिझेल चोरतात म्हणून एकाला जागावं लागतं, तेही खरं.

पण या नव्या कामाचं मी कागदावर मांडून पाहिलं. वेर्णा ते दिल्ली साधारण 1900 किलोमीटर. मोले, अनमोड करून बेळगावला वर चढलात की पुढे 48 नंबरचा एकच हायवे थेट दिल्लीपर्यंत. घाट, शहरं, टोल धरून सरासरी ताशी 40 पकडली तर नुसतं चाक फिरायलाच 48 तास लागतात. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, दोघंही लायसन्सवाले आहात तर 60 तासांत गाडी पोचवा. राहिले 12 तास. त्यात डिझेल, जेवण, आंघोळ, अनमोडला पावसात अडकणं, पुणे आणि सुरतेची गर्दी, दिल्लीत अवजड गाड्यांना बंदी असलेले तास. झोप कुठे बसवली आहे त्याने? ती त्याने तुमच्या सीटमागच्या फळीवर ढकलली आहे. तुम्ही नवरा-बायको आहात, एकमेकांशी भांडणार नाही, एक दमला की दुसरा घेईल, हे त्याला ठाऊक आहे. दोन परके ड्रायव्हर असते तर त्यांनी त्याला दुसऱ्याच खेपेला नाही म्हटलं असतं.

1961 चा मोटार परिवहन कामगार अधिनियम नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता. त्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं होतं. गाडी तुमची स्वतःची, म्हणून तुम्हाला कोणी विचारायला येणार नाही. तरी तोच आकडा धरू. दोघांचे मिळून 16 तास. 48 तासांचं चाक म्हणजे पूर्ण तीन दिवस आणि रोज आठ तास गाडी उभी. तीन दिवस म्हणजे 72 तास. माझी मागणी एवढीच आहे, 60 चे 72 करून घ्या. मी काम सोडा म्हणत नाही. त्या संध्याकाळीही मला तेच म्हणायचं होतं, पण सगळी माणसं एकदम बोलत होती.

आणि ते आठ तास रात्रीचेच घ्या. दोन ते पाच या वेळेत तर चाक फिरता कामा नये. दिवसा झोपू म्हणाल, तर चैत्र-वैशाखात राजस्थानात तुमच्या केबिनमध्ये कोण झोपणार? 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय, पण तुमची गाडी त्याआधीची. पत्रा तापला की आत हात लावून घेत नाही. मोठा पंप बघा, जिथे दिवे असतात, कॅमेरा असतो आणि बऱ्याच गाड्या लागतात. डिझेलच्या टाकीला जाळीचं कुलूप बसवा, म्हणजे दोघांनाही झोपता येईल. त्या कुलपाचे पैसे मी देतो, यावर वाद घालू नकोस.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, तिथे किती गाड्यांचे ब्रेक गेले ते तुम्ही दोघांनी पाहिलंय. चहा पिऊन लगेच निघू नका, चहा अंगात उतरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तेवढी मिनिटं डोळे मिटून बसा. खिडकी उघडून, गाणी मोठी करून झोप जात नाही. जांभया यायला लागल्या की... जाऊ दे. गेली चार वर्षं तू हे करतेस आणि मी शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगतोय. मला माफ कर. लाईनवरचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आग्र्याचा माल घेऊन तुम्ही धुक्यात कसे उभे राहिलात ते जावईबापूंनी मला सांगितलंय, तू सांगितलं नव्हतंस. त्या रात्री तूच गाडी बाजूला घ्यायला लावलीस असं ते म्हणाले. ते ऐकल्यावर मला फार बरं वाटलं होतं. तशीच आता त्या ट्रान्सपोर्टवाल्यासमोर उभी राहा.

हा हिशोब जावईबापूंनाही दाखव. मी त्यांना वेगळं लिहीत नाही, त्यांना वाटेल सासरा शिकवतोय. सरासरी 40 जास्त धरली की कमी, ते तुम्हीच ठरवा आणि चुकत असेल तर तुमचे आकडे लिहून पाठवा. पण उत्तर वेर्णा सोडण्याआधी द्या. तो 72 ला तयार नसेल तर फोंड्याच्या भावोजींच्या ओळखीचा एकजण बेळगाव-हुबळीची भाडी देतो. पैसे कमी आहेत, पण रात्री मुक्काम असतो आणि पंधरवड्यातून दोनदा घरी येता येतं. त्याच्याशी मी बोलून ठेवलंय, शब्द दिलेला नाही.

तुझ्या हेवी लायसन्सची पाच वर्षं येत्या फाल्गुनात भरतात. डॉक्टरचा दाखला लागेल, त्यासाठी एक दिवस हाताशी ठेवून ये.

तुझे,
बाबा

ता. क. आईने सोलं, नेवऱ्या आणि तापाच्या गोळ्या मामाकडे दिल्या आहेत. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहिलंय. नेवऱ्या आधी संपवा, नारळाच्या आहेत.