वाळूवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय.

रत्नागिरीत माशांच्या टाकीत वाळू घालायची म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: भाट्याच्या किनाऱ्यावर जा, पिशवी भरून आण. तुम्ही एकटेच थांब म्हणालात. वाटीत चिमूटभर वाळू घेऊन तिच्यावर व्हिनेगर सोडलंत आणि वाटी माझ्या कानाशी धरलीत. आत बारीक चुरचुर चालली होती. शिंपल्यांचा चुरा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो टाकीत हळूहळू विरघळतो, पाणी कठीण होतं, पीएच चढतो. गप्पी-मोलीला ते मानवतं. मला मात्र कोरीडोरास पाळायचे होते, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, मऊ पाण्यात रमणारे, मिश्यांचे छोटे मासे.

मग तुम्ही मला स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात ती गारेची, म्हणजे क्वार्ट्झची वाळू आणायला पाठवलंत, जी तुमच्या दुकानात मिळतही नाही. शेल्फवर रंगीत खडीच्या पिशव्या रचलेल्या होत्या, त्यातली एक सहज गळ्यात मारता आली असती. हे मी विसरणार नाही.

बाकीचंही तुम्हीच शिकवलंत. वाळू नितळ पाणी येईपर्यंत धुवायची. थर दीड-दोन इंचांचाच ठेवायचा, कारण जाड थरात खाली प्राणवायू पोचत नाही, वाळू काळी पडते आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. पाणी भरताना तळाशी बशी ठेवायची, धार तिच्यावर सोडायची. सायफन, म्हणजे घाण ओढायची नळी, वाळूत खुपसायचा नाही; घाण वरच बसते, नळी जरा वर धरून फिरवली की पुरे. वाळू उकरत राहायला ट्रम्पेट गोगलगायी तर तुम्ही पैसे न घेताच दिल्यात.

काका, आता एकदा येऊन बघाच. कोरीडोरास डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतात, घास चाळतात आणि कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सोडतात. खडीवर हे त्यांना कधीच जमलं नसतं. मिश्या शाबूत आहेत, अगदी टोकापर्यंत. आई संध्याकाळी टीव्ही सोडून टाकीसमोर बसते.

माझ्या आतेभावाला मालवणात टाकी लावायची आहे. त्याला तुमच्याकडेच पाठवतोय. येताना तिकडच्या वाळूची पुडी आणेल, तेवढी व्हिनेगरची बाटली काढून ठेवा.

आपला,
कोरीडोरासवाला