जुन्या बागांना कायमचा माळी हवा

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या घराजवळच्या बागेतला जुना गुलमोहर गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात मुळासकट आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा फांद्या तोडण्याचे काम चालू होते आणि जमलेली मंडळी वाऱ्याला दोष देत होती. मी उपटलेली मुळे जवळ जाऊन पाहिली. बुंध्याला अगदी खेटून पेव्हर्स बसवलेले होते, आणि गटारीसाठी चर खोदताना एका बाजूची सगळी मुळे करवतीने कापल्यासारखी सरळ रेषेत तुटलेली होती. तुटलेली टोके काळी पडून कुजली होती. म्हणजे त्या बाजूने झाडाला जमीन धरून ठेवायला काही उरलेच नव्हते.

चौकशी केली तेव्हा समजले की पेव्हर्सचे कंत्राट एकाचे, गटारीचे दुसऱ्याचे आणि झाडांना पाणी घालण्याचे तिसऱ्याचे, तेही वर्षभरापुरते. प्रत्येकाने आपापले काम कागदोपत्री पूर्ण केले होते. मात्र या बागेतली झाडे, माती आणि पाण्याचा निचरा यांकडे एकत्रितपणे पाहणारा, चर खोदणाऱ्याला वेळीच थांबवू शकणारा माणूस कोणीच नव्हता. बेळगावच्या बागांचे खरे दुखणे हेच आहे, असे मला वाटते, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. 843 एकरांच्या या उद्यानाचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी 1858 मध्ये केला. 1970 च्या दशकात नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली तेव्हा तिथली हिरवळ उखडून नुसती धूळ राहिली होती आणि लोक तिकडे फिरकायला घाबरत होते. 1980 मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. जमिनीची मालकी शहराकडेच राहिली, देखभालीची जबाबदारी मात्र पुढे 1998 मध्ये रीतसर कराराने संस्थेकडे आली, आणि आज उद्यानाच्या वार्षिक खर्चाचा मोठा वाटा हीच संस्था देणग्यांतून उभा करते. तरीही तिथे प्रवेशशुल्क नाही.

पैशापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती त्यांची कामाची पद्धत. संस्थेने उद्यानाचे 49 विभाग पाडले आणि प्रत्येक विभाग एकेका माळ्याच्या नावावर लावला. त्या विभागातली हिरवळ, झुडपे, कचरा, बाके, सगळ्यांबद्दल तोच जबाबदार. रोज तीच जमीन पाहणाऱ्याला कुठे पाणी साचते, कोणत्या झाडाची पाने अवेळी पिवळी पडू लागली, हे कोणी सांगावे लागत नाही. हिरवळीला विश्रांती हवी असेल तेव्हा लाल निशाण लावून ती बंद ठेवतात. ग्रेट लॉन हे मोठे मैदान दुरुस्तीनंतर 1997 मध्ये पुन्हा खुले झाले, त्याआधी ते दीर्घकाळ बंद ठेवण्याचा धीर संस्थेने दाखवला होता. आपल्याकडे दोन महिने बाग बंद ठेवली तरी तक्रारींचा पाऊस पडेल. पण गवताला मूळ धरायला वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

हे सारे परदेशातच जमते असेही नाही. दिल्लीच्या सुंदर नर्सरीचा कायापालट आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर या संस्थेने शासकीय यंत्रणांशी 2007 मध्ये झालेल्या करारानुसार केला, आणि 90 एकरांचे ते उद्यान 2018 मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे तिकीट आहे आणि ते मला पटत नाही, कारण बाग ही ज्याच्या खिशात काही नाही त्याचीही असते. पुण्याचे 39 एकरांचे एम्प्रेस गार्डन तर अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था कित्येक पिढ्या सांभाळत आली आहे. तिथले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेही असेल.

बेळगावात सांभाळण्याजोगे पुष्कळ आहे. किल्ला तलावाचा काठ आहे, शिवाजी उद्यान आहे, व्हॅक्सिन डेपोची दाट झाडी आहे. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनातल्या लोकांना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून खोदली गेली. त्या अधिवेशनाची शताब्दी नुकतीच होऊन गेली. अशा जागी रोषणाई एका आठवड्याची असते, झाडांना मात्र बारा महिने माणूस लागतो. बेंगळुरूच्या कब्बन पार्क आणि लालबागेला 1975 च्या राज्य कायद्याचे खास संरक्षण आहे. आपल्या बागांसाठी 1985 चा उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांचा कायदा आहे, पण कायदा बांधकाम अडवतो. पाणी घालणे आणि मुळे जपणे हे काम माणसालाच करावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी की, शहरातल्या जुन्या बागांसाठी एक नोंदणीकृत विश्वस्त संस्था उभी राहावी आणि महानगरपालिकेने मालकी आपल्याकडेच ठेवून ठरावीक वर्षांच्या कराराने देखभाल तिच्याकडे सोपवावी. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपन्यांचा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, त्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण व वारसा ही दोन्ही कामे त्यात बसतात. उद्यमबागेतल्या ज्या कारखान्यांना हा नियम लागू होतो, त्यांनी यातून चार-पाच माळ्यांचे कायमचे वेतन उचलले तरी मोठे काम होईल. हिशेब मात्र दरवर्षी जाहीर झाला पाहिजे आणि देणगीदाराच्या नावाची पाटी झाडापेक्षा मोठी असता कामा नये.

एक धोका आधीच लक्षात घ्यावा लागेल. सेंट्रल पार्कच्या भोवती धनिकांची वस्ती आहे, म्हणून तिथे देणग्या मिळतात. त्याच शहरातल्या गरीब वस्त्यांमधली उद्याने तशी भाग्यवान नाहीत. आपल्याकडेही प्रत्येक बागेची वेगळी समिती केली तर टिळकवाडीला देणगीदार मिळतील आणि वडगाव-खासबागच्या वाट्याला कोरडा हौद येईल. संस्था सगळ्या शहरासाठी एकच असावी आणि पैसा एकाच पेटीत जमा व्हावा, याबाबत मी आग्रही आहे.

तोपर्यंत एक गोष्ट लगेच करता येईल. आमच्या त्या बागेत अजून अकरा मोठी झाडे पेव्हर्सच्या वेढ्यात उभी आहेत. प्रत्येक बुंध्याभोवतीचे निदान दोन हात पेव्हर्स काढून माती मोकळी करावी, म्हणजे पुढचा वळीव येण्यापूर्वी मुळांपर्यंत हवा आणि पाणी पोहोचेल. हे काम करण्यासाठी आम्ही सकाळी फिरायला येणारे सात-आठ जण पहार आणि घमेली घेऊन यायला तयार आहोत. संबंधितांनी आम्हाला फक्त लेखी परवानगी द्यावी, ही आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
शहापूर, बेळगाव