शॉक लागलेल्या माणसाचे टक्के मोजू नका : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझा दादा वायरमन होता. लाईन बंद आहे असं समजून तो खांबावर चढला आणि वर हाय टेन्शनचा सप्लाय चालूच होता. कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा तो शुद्धीवर होता, आमच्याशी बोलत होता, तळहातावर एक काळा चट्टा आणि पायाला दुसरा, बस एवढंच. केसपेपरवर लिहिलं गेलं, भाजल्याचं प्रमाण 2 टक्के, म्हणजे अंगावरची तेवढीच कातडी भाजली. त्या 2 टक्क्यांच्या हिशोबाने सलाईन लागलं, मलमपट्टी झाली, आम्हालाही वाटलं वाचलो बाबा. रात्री त्याला काळपट लाल लघवी झाली, ती कोणाला दाखवायची असते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी हात लाकडासारखा कडक झाला, तिसऱ्या दिवशी किडन्या बंद पडत आल्या आणि उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला.

साहेब, त्या डॉक्टरांवर राग काढायला मी हे लिहीत नाहीये, फॉर्मने जे विचारलं ते त्यांनी भरलं. पण नंतर महिनोन्‌महिने मी ह्या विषयावर मिळेल ते वाचत बसलो आणि कळलं की चूक त्या टक्क्यांच्या रकान्यातच आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, जाडी साधारण 5 नॅनोमीटर. त्याच्या दोन बाजूंमध्ये एरवीच 70 मिलिव्होल्टच्या आसपास फरक असतो, ऐकायला किरकोळ वाटतं पण पडदा इतका पातळ की मीटरमागे हिशोब केला तर तो दीड कोटी व्होल्टच्या घरात जातो. बाहेरून जोरदार विजेचा झटका आला आणि हा फरक 1 व्होल्टच्या जवळपास पोचला की पडद्याला बारीक बारीक भोकं पडतात. ह्याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. झटका छोटा असेल तर भोकं बुजतात आणि पेशी जगते, जास्त असेल तर आतलं पोटॅशियम बाहेर, बाहेरचं कॅल्शियम आत, पेशी पंप मारून मारून थकते आणि काही तासांनी मरते. ह्याला उष्णता लागतच नाही! 1967 साली सेल आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी बॅक्टेरियांवर हे दाखवलं होतं, ते तापून नाही तर विजेच्या क्षेत्रानेच मेले.

आता दादाच्या हाताचं. पडद्यावर किती ताण येतो हे पेशी किती मोठी आहे त्यावर ठरतं. स्नायूची एक पेशी काही सेंटीमीटर लांब असू शकते, नसांच्या पेशींचे तंतू तर त्याहून लांब, म्हणून त्या बाकीच्या पेशींपेक्षा कमी क्षेत्रातही फुटतात. सर्जन डॉ. राफेल ली यांनी शिकागोत नेमकं हेच काम केलं, शॉकच्या जखमेत भाजण्याशिवाय ही भोकंही पडतात हे त्यांनी मांडलं. लाईनवरच्या अपघातात दोन्ही गोष्टी होतात, भाजणंही आणि भोकंही, पण दिसतं फक्त भाजणं, तेही कातडीवरचं. आत मेलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन रक्तात येतं, लघवी काळपट होते, किडनी तुंबते, आणि सुजलेला स्नायू स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून टाकतो. फुटलेले पडदे सांधणारं रोजच्या वापरातलं औषध अजून नाही, म्हणून जे काही हातात आहे ते पहिल्या काही तासांतच आहे.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की वैद्यकशास्त्राला हे चांगलं माहीत आहे, इतकं की ते त्याचा उपचार म्हणून वापर करतं. ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध पेशीत नीट शिरत नाही, तर गाठीला 100 मायक्रोसेकंदांचे 8 झटके देऊन त्याला वाट करून देतात. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि यंत्रं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अशाच झटक्यांवर चालणाऱ्या यंत्राला मान्यता दिली, त्यात हृदयाचा नेमका भाग न जाळता निकामी करतात आणि शेजारची अन्ननलिका बरीचशी वाचते. म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये वीज न भाजता पेशी मारते हे गृहीत धरलेलं, आणि कॅज्युअल्टीत अजून कातडीच मोजायची?

माझं मागणं एवढंच आहे की शॉकच्या पेशंटसाठी केसपेपरवर वेगळा रकाना हवा. किती व्होल्टेज, करंट कुठून शिरला कुठून निघाला, किती वेळ चिकटला होता, ईसीजी काढला का, लघवीचा रंग काय, रक्तात सीके (स्नायू मेले की रक्तात वाढणारं एन्झाइम) किती. लघवी काळपट असेल तर सलाईन टक्क्यांवर न देता लघवीवर द्यायचं, मोठ्या माणसाला ताशी 75 ते 100 मिली लघवी होईल असं. हाता-पायाला बधिरपणा किंवा कडकपणा आला की सर्जनला लगेच बोलवायचं, सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही. आणि घरी सोडताना डोळे तपासत राहा असं लिहून द्या, कारण हाय व्होल्टेज शॉकनंतर मोतीबिंदू महिन्यांनीसुद्धा येतो, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या रकान्याचा नमुना मी कागदावर आखून ह्या पत्रासोबत जोडलाय. तुमच्या तज्ज्ञांनी तो पाहून हवा तसा बदलावा, फक्त तो टक्क्यांच्या वर छापा, खाली नको, कारण घाईत खालचं कोणी वाचत नाही.

आपला,
एका वायरमनचा धाकटा भाऊ